नळी कुठून येते, कुठे जाते

वाफेचं इंजिन काढायला सांगितलं तर चौथीतलं पोरही काढतं. आडवं नळकांडं, पुढे धुराडं, मागे ड्रायव्हरची खोली, खाली चाकं. चित्र चुकत नाही. बाजारात मिळणारी बहुतेक खेळण्यातली इंजिनंही याच हिशेबाने बनतात आणि तीही चुकीची नसतात. फक्त ती चालू शकत नाहीत. बॉयलरमध्ये पाणी शिरायला वाट नसते, ब्रेक सुटायला वाट नसते, दांड्यांना तेल मिळायला वाट नसते. या सगळ्या वाटा म्हणजे इंजिनाच्या अंगावरच्या नळ्या, आणि चित्रात काय किंवा खेळण्यात काय, सगळ्यात आधी वगळल्या जातात त्या याच.

मयूर विहार फेज वनमधल्या माझ्या घरी, बाल्कनीच्या दाराशी ठेवलेल्या टेबलावर सध्या एक डब्ल्यूपी उभं आहे. पुढे गोल निमुळतं नाक आणि त्यावर चांदणी असलेलं ते इंजिन. पन्नाशी ते सत्तरीच्या दशकांत ब्रॉडगेजच्या मेल-एक्स्प्रेसने लांबचा प्रवास केलेल्यांनी ते पाहिलेलंच असणार. पहिली 16 इंजिनं 1947मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली, पुढे चित्तरंजनलाही ती घडू लागली आणि 1967पर्यंत त्यांची संख्या 755 झाली. खरं इंजिन टेंडरसकट, म्हणजे कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्यासकट, 24 मीटरच्या घरात. माझं त्याच्या 87 पट लहान, म्हणजे सव्वा वीत. सांगाडा, बॉयलर, चाकं, दांडे सगळं होऊन गेलंय. राहिल्यात त्या नळ्या, आणि या छंदातली माणसं म्हणतील की काम आत्ता कुठे सुरू होतंय.

आता या नळ्या करतात काय, ते पाहू. कारण ते न कळता त्या लावल्या तर पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तशा लागतात. दिसायला बरं दिसतं, एवढंच.

पहिली पाण्याची. डब्ल्यूपीच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचावर 210 पौंड दाब असतो. आत एवढा दाब असताना बाहेरचं पाणी आत घालायचं कसं? पंप हे एक उत्तर. पण चाकांच्या जोरावर चालणारा पंप असेल तर इंजिन थांबलं की पाणीही थांबलं. आंरी जिफार नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1858मध्ये याचं दुसरं उत्तर शोधलं, ते म्हणजे इंजेक्टर. (याच गृहस्थाने 1852मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारं हवाई जहाज पॅरिसवरून उडवलं होतं, डोकं एका ठिकाणी न ठरणारं असणार.) बॉयलरमधलीच वाफ निमुळत्या तोटीतून सोडायची. ती सुसाट सुटते, टेंडरमधून आलेल्या थंड पाण्याला भिडते, स्वतः पाणी होते आणि आपला वेग त्या पाण्याला देऊन टाकते. पुढे तोटी रुंद होत जाते. वेग कमी होतो, त्या बदल्यात दाब वाढतो, आणि तो इतका वाढतो की ज्या बॉयलरमधून वाफ निघाली त्याचीच झडप उघडून पाणी आत शिरतं. ऐकणाऱ्याला ही हातचलाखी वाटते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता मोकळी होते, तिचाच हा सगळा खेळ. म्हणून पाणी थंड हवं. टेंडरमधलं पाणी उन्हाने तापलं की इंजेक्टर कुरकुरतो, पाणी धरत नाही, सगळं खाली रुळांवर ओतून देतो.

एवढं कळलं की मॉडेल करणाऱ्याचं अर्धं काम होतं. इंजेक्टरला चार नळ्या असणारच: वाफ आणणारी, पाणी आणणारी, बॉयलरकडे नेणारी आणि सांडणारी. ड्रायव्हरच्या खोलीखाली इंजेक्टर म्हणून एक पितळी गाठ चिकटवली आणि तिला दोनच नळ्या जोडल्या, तर जाणकार माणूस पहिल्या नजरेत ओळखतो की हे फोटो बघून केलंय, समजून नाही.

दुसरी भानगड ब्रेकची. भारतात वाफेच्या काळात गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते. गाडीभर एक नळी जाते, तिच्यातली हवा इंजिनावरचा इजेक्टर वाफेच्या झोताने ओढून घेतो, आणि नळीत पाऱ्याच्या 20 इंचांच्या आसपास निर्वात तयार झाला की ब्रेक सुटतात. हवा आत शिरली की लागतात. म्हणजे नळी तुटली तर गाडी आपोआप थांबते. इजेक्टरने ओढलेली हवा आणि वापरलेली वाफ एका जाड नळीने बॉयलरच्या कडेकडेने पुढे धुराड्याखालच्या पेटीत जाते. इंजिनाच्या अंगावर ठळक उठून दिसणारी, लांब, किंचित उतरती अशी जी नळी बऱ्याच जुन्या फोटोंत दिसते, ती बहुधा हीच.

बाकीच्यांची हजेरी भराभर घेतो. ठरावीक मापाने तेल ढकलणाऱ्या डबीतून निघालेल्या केसासारख्या बारीक तेलनळ्या, ओळीने सिलिंडरपर्यंत. चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडणाऱ्या नळ्या, थेट चाकाच्या ओठापर्यंत. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या निचऱ्याच्या तोट्या. इंजिन सुटताना पुढून जो पांढरा लोट फुत्कारतो तो यांचाच. शिट्टीची नळी. पुढच्या दिव्याला वीज देणाऱ्या छोट्या टर्बाइनची वाफनळी आणि तिथून निघालेली वायरची नळी.

आणि एक गोष्ट, जी माझ्या फार उशिरा लक्षात आली आणि जिने माझं हे सगळं काम बदललं. नळ्यांना वळणं का असतात? अडथळा चुकवायला, हे झालंच. पण 210 पौंड दाबाला आतलं पाणी 200 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. पोलाद तापलं की वाढतं. या तापमानाला दर मीटरमागे सुमारे दोन मिलिमीटर. बॉयलर पुढच्या टोकाला सिलिंडरपाशी सांगाड्याला पक्का बसवलेला असतो आणि मागचं टोक सांगाड्यावर सरकायला मोकळं ठेवलेलं असतं. म्हणजे इंजिन पेटवलं की बॉयलर मागे सरकतो आणि सांगाडा जागच्या जागी राहतो. एक टोक बॉयलरला आणि दुसरं सांगाड्याला, अशी नळी सरळसोट असेल तर काही दिवसांत जोडातून फाटेल. म्हणून तिला लवण असते, कुठे अर्धा फेरा असतो. मॉडेलमध्ये ही लवण आळसाने सरळ केली तर चालतं, कोणी पकडत नाही. पण ठेवली की इंजिन तापणारं वाटतं.

हे सारं प्रत्यक्ष बघायला दिल्लीकराला जागा आहे. चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल संग्रहालय 1977च्या फेब्रुवारीत उघडलं. तिथे 1895मध्ये अजमेरच्या कारखान्यात बनलेलं मीटरगेजचं एफ-734 आहे, भारतात घडलेलं पहिलं इंजिन. बंगाल-नागपूर रेल्वेचं अजस्र गॅरट आहे, दोन इंजिनं एका बॉयलरला बांधल्यागत. माणूस हरखून जातो. पण नळ्यांच्या दृष्टीने उघड्यावर कायमची उभी असलेली इंजिनं हे अर्धवट पुस्तक. हे मी कुठल्या एका संग्रहालयाबद्दल बोलत नाही. देशभर स्टेशनांबाहेर आणि रेल्वेच्या कार्यालयांपुढे चौथऱ्यांवर इंजिनं उभी आहेत, त्यांच्याजवळ जाऊन पाहा. तांबं-पितळ म्हणून जे काही होतं ते आधीच काढून घेतलेलं तरी असतं किंवा नंतर भंगारात तरी गेलेलं. तेलनळ्यांची ओळ नाही, इंजेक्टरच्या जागी दोन बोल्ट, दाबाच्या घड्याळाच्या जागी भोक. मग वरून दर काही वर्षांनी काळ्या रंगाचा थर. अशा इंजिनावरून नळ्या टिपल्या तर मॉडेल हुबेहूब होतं, पण मेलेल्या इंजिनाचं.

जिवंत बघायचं तर रेवाडी. दिल्लीहून 80 किलोमीटरच्या आसपास, हरियाणात. तिथली शेड 1893ची, आणि आता ती वाफेच्या इंजिनांची वारसा-शेड म्हणून चालते. भारतीय ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा 6 डिसेंबर 1995ला संपली. त्यानंतरही अधूनमधून जिथे इंजिन पेटवलं जातं अशा मोजक्या जागांपैकी ही एक. ‘अकबर’ हे डब्ल्यूपी 7161 इथलंच. सिनेमावाल्यांनाही ते फार आवडतं.

पेटलेल्या इंजिनाभोवती फिरताना कळतं की कुठली नळी खरोखर काम करतेय. सांडणारी नळी ओली असते, तिच्याखालची खडी काळी पडलेली असते. वाफेच्या नळीजवळ हात नेला की तो आपसूक मागे येतो. तेलनळीच्या जोडापाशी धूळ चिकटून जाड थर बसलेला असतो. फोटो काढायचे तर माझी पद्धत अशी: अख्ख्या इंजिनाचे फोटो लोक काढतातच, ते कुठेही मिळतात. मी एक नळी निवडतो आणि ती जिथून निघते तिथपासून जिथे संपते तिथपर्यंत तिचेच फोटो काढतो. कुठल्या पट्टीने धरलीय, कुठल्या दुसऱ्या नळीच्या मागून गेली, कुठे जाडी बदलली. बरोबर एक लाकडी फूटपट्टी असते, ती प्रत्येक फोटोत कुठेतरी टेकवलेली.

तरीही रेवाडीतलं इंजिन म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पर्यटकांसाठी चकचकीत केलेलं पितळ रोजच्या धबडग्यातल्या इंजिनावर क्वचितच दिसायचं. शिवाय शेडगणिक फरक. एकाच वर्गाची दोन इंजिनं वीस वर्षांनी सारखी राहत नसत. एका शेडच्या फिटरने नळी वरून नेली, दुसऱ्याने खालून. म्हणून ‘डब्ल्यूपीचं मॉडेल’ असं काही नसतंच मुळी. अमुक नंबरचं, अमुक सालातलं डब्ल्यूपी असतं. हे आधी ठरवलं नाही तर तीन फोटोंतल्या तीन नळ्या एकाच अंगावर येतात.

साहित्याची गोष्ट मात्र दिल्लीत सुखाची. परदेशात या कामाच्या तारा मापाप्रमाणे पाकिटांत मिळतात, त्या मागवायच्या तर किंमत आणि कस्टम दोन्ही भरा. मी मयूर विहार वनहून ब्लू लाइन धरतो, राजीव चौकात बदलून चांदनी चौक गाठतो आणि भागीरथ पॅलेसच्या वायरवाल्यांत शिरतो. वायरमन लोक जिला 40/76 म्हणायचे ती जुन्या मापाची लवचीक वायर: आत 40 तारा, प्रत्येक 0.0076 इंच जाडीची. म्हणजे 0.19 मिलिमीटर. तिला 87ने गुणा, खऱ्या इंजिनावर पाऊण इंचाहून जराशी बारीक नळी झाली. वर लालभडक प्लास्टिक आणि आत, एका मीटरमध्ये, 40 मीटर नळी! तेलनळ्यांसाठी हीसुद्धा खरं म्हणजे जाडच, त्याबद्दल पुढे.

पाणी आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांना चावडी बाजारात पितळी तार मिळते, 0.5पासून 0.8 मिलिमीटरपर्यंत. दोन इंची व्हॅक्यूमची नळी बाहेरून 60 मिलिमीटरच्या आसपास भरते, तिला 0.7ची तार बरोबर बसते. हातदांड्यांसाठी मात्र मी मिरजेवर विसंबून आहे. तिकडे गेलो की सतारमेकर गल्लीतून तारा आणतो. वाद्याची तार कडक ओढलेली, बाणासारखी सरळ; बॉयलरच्या कडेने 15 सेंटिमीटर ताणून लावली तरी कुठे लचकत नाही. नळीला तिचा उपयोग नाही, ती वळत नाही, मोडते. आणि हवं ते माप मिळालंच नाही तर सोनाराकडे जंत्री असते. पोलादी पट्टीला एकाहून एक लहान भोकं. त्यातून तार ओढत नेली की ती बारीक होत जाते.

पण माझा आवडता शोध किनारी बाजारातला. लग्नाच्या साड्यांवर, लेहंग्यांवर जरदोजी करणारे ‘दबका’ वापरतात: अतिबारीक तारेची घट्ट गुंडाळलेली पोकळ स्प्रिंग, तोळ्या-ग्रॅमवर विकली जाते. इंजिनाच्या पुढच्या तुळईला व्हॅक्यूमचा जो वळ्यावळ्यांचा रबरी होज लटकतो, तो असाच दिसतो. दबक्याचा सात मिलिमीटरचा तुकडा, आतून एक तांब्याची तार, हलकं वळण, वरून काळा रंग. दुकानदाराला वाटतं मी कुठल्यातरी बुटिकसाठी नमुने नेतोय. मी गैरसमज दूर करत नाही. एवढासा माल मागणाऱ्याला लहानसा का होईना धंदा आहे असं वाटलेलं बरं.

होजबद्दल एक सांगायलाच हवं. जगभरच्या मॉडेलांवर हा होज सरळ खाली लोंबताना दिसतो. खऱ्या इंजिनावर पुढचा होज मोकळा लोंबत असेल तर त्यातून हवा शिरेल, निर्वात तयार होणार नाही आणि ब्रेक सुटणारच नाहीत. म्हणून मोकळं तोंड तुळईवरच्या एका बंद बुडाच्या तोटीवर, डमीवर, बसवून ठेवतात. होज त्यामुळे वर वळून परत स्वतःकडे येतो. एक मिलिमीटरची डमी आणि एक वळण, एवढाच फरक. पण तो नसेल तर कितीही सुंदर इंजिन असो, ते जागचं हलणार नाही.

आता प्रत्यक्ष एक नळी. इंजेक्टरकडून बॉयलरच्या झडपेकडे जाणारी घेऊ, कारण तिच्यात सगळं आहे. 0.5ची पितळी तार गॅसच्या मंद ज्योतीवरून फिरवायची. अंधूक लाल दिसली न दिसली की बाहेर. जास्त वेळ ठेवली तर वितळून थेंब होतो. तावलेली तार लोण्यासारखी मऊ होते आणि वाकडीही. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, आणि अगदी हलका हिसका. तार किंचित ताणल्याचं बोटांना कळतं, आणि ती दोऱ्यासारखी सरळ होते. मग वळणं. पकडीच्या दातांनी वाकवली की कोपरा चपटा होतो आणि नळीची काडी होते. खरी नळी कधीच कोपऱ्यात वळत नाही, आपल्या जाडीच्या तीन-चारपट गोलाईने वळते. त्यासाठी दोन मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा घ्यायचा आणि त्याभोवती अंगठ्याने तार दाबायची. पहिलं वळण कधीच चुकत नाही. तिसरं चुकतं, कारण तिसरं वळण वेगळ्या पातळीत असतं आणि तोवर आपण तार हातात फिरवलेली असते.

दोन्ही टोकांना भोक हवंच. नळी नुसती पृष्ठभागावर टेकवून झाळली की जोडाचा थेंब दिसतो. भोकात शिरली की ती आत कुठेतरी जाते असं वाटतं. मध्ये धरणाऱ्या पट्ट्या. खऱ्या इंजिनावर साधारण दर हाताच्या अंतरावर एक पट्टी लागते, आपल्याकडे दर अर्ध्या सेंटिमीटरला. 40/76मधली एक तार नळीभोवती घ्यायची, दोन्ही शेपटं एकत्र पिळायची, 0.4च्या भोकातून आत ओढायची आणि आतल्या बाजूने झाळायची. बाहेर फक्त एक कडं दिसतं. ओळीने जाणाऱ्या सहा तेलनळ्या मात्र एकेक वाकवत बसायचं नाही. सहाही तारा पितळेच्या चिपेवर शेजारी-शेजारी झाळून एकदम वाकवायच्या, नाहीतर सहाजणी सहा दिशांना.

झाळकामात क्रम फार महत्त्वाचा. जड भाग आधी, कडक झाळीने. हलके शेवटी, साध्या कथील-शिशाच्या, 190 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या झाळीने. शेजारचा जोड सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा. फ्लक्स राहिला तर महिन्याभरात हिरवी बुरशी धरते, म्हणून रोज रात्री कोमट पाणी, खायचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश. यासाठी वापरलेलं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नये, हे आमच्या घरी लेखी स्वरूपात लावलेलं आहे.

इंजेक्टर, झडपा, तेलाची डबी या गाठी तारेतून होत नाहीत, त्या ओतायच्या. कॅलिफोर्नियातल्या केमट्रॉनने 1950च्या दशकात मेण वितळवून ओतण्याच्या पद्धतीने असे पितळी भाग काढले आणि या छंदाचं रूप पालटलं. ती पद्धत काही तिथली नव्हे. चोळांच्या नटराजापासून बस्तरच्या ढोकऱ्यापर्यंत आपल्याकडे तीच. करोलबागेत दागिन्यांचं कास्टिंग करणारे रोज हेच करतात. मेणाचा नमुना आपण द्यायचा, आणि तो अंमळ मोठा द्यायचा, कारण थंड होताना पितळ आकसतं.

मापाचं दुखणं यातूनही राहतंच. 87 पटीने एक इंच म्हणजे 0.29 मिलिमीटर. पाव इंची तेलनळी 0.07, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. तशी तार मिळते, वाकवताही येते. पण वर प्रायमर आणि रंगाचे दोन हात पडले की जाडी दुप्पट होते आणि सगळं गणित पाण्यात. मग काय करायचं? माझं मत असं: शंका असेल तिथे बारीक बाजूने चुका. जाड नळी इंजिनाला लगेच खेळणं करते, बारीक नळी फार तर दिसत नाही. आमच्या रुळांचंच बघा. ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर म्हणजे 87 पटीने सव्वाएकोणीस; बाजारातले रूळ साडेसोळाचे, युरोपच्या 1435च्या हिशेबाचे. पावणेतीन मिलिमीटरची ही लबाडी आम्ही सगळे मुकाट गिळतो आणि तेलनळीच्या शतांश मिलिमीटरवरून रात्री जागवतो.

याच्या अगदी उलट टोकाला असतात ते खऱ्या वाफेवर मॉडेल चालवणारे. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे त्यांचं इंग्रजी नियतकालिक 1898पासूनचं. पाच इंच रुळांची, माणसाला ओढून नेणारी इंजिनं ते बनवतात, आणि त्यांच्या नळ्यांतून खरोखर पाणी जातं. तिथे मापाप्रमाणे नळी केली तर इंजिन चालत नाही! आतला व्यास निम्मा केला की संथ प्रवाहाच्या नियमाने त्याच दाबाला सोळावा हिस्सा पाणी जातं. छोट्या इंजेक्टरच्या तोटीचं तोंड मिलिमीटरपेक्षाही लहान. क्षाराचा एक कण अडकला की खलास, आणि दिल्लीचं पाणी तर क्षारांनी भरलेलं. म्हणून ते लोक मुख्य नळ्या मापापेक्षा जाड ठेवतात आणि वरून शोभेच्या चार बारीक जोडतात. म्हणजे ज्यांची नळी खरी काम करते ती दिसायला खोटी, आणि माझी दिसायला खरी ती आतून भरीव. यात डावं-उजवं करणारे वाद घालतात; मला दोन्ही छंद वेगळे वाटतात, एवढंच.

मराठी वाचकाला या सगळ्याचं जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, 1998पासून लोकांसाठी खुलं. मापही माझंच, 87 पट लहान. पण तिथे इंजिन हा नायक नाही. सिग्नल आहेत, डोंगर, बोगदे, रस्ते, दिवे लागलेलं अख्खं शहर आहे, आणि सगळं हलतं. काचेपलीकडून बघणाऱ्याला तेलनळ्या दिसणार नाहीत आणि दिसायचं कारणही नाही. गाड्या रोज धावायच्या, वळणं घ्यायची, रुळावरून उतरायच्या नाहीत. माझ्यासारख्या माणसाने तिथे मुकाट उभं राहावं, कारण नळ्यांचा कळीचा मुद्दा तिथेच लक्षात येतो.

तो असा. डब्ल्यूपीच्या पुढे चार लहान चाकांची बोगी असते. वळणावर ती डावी-उजवीकडे सरकते. सिलिंडरच्या निचऱ्याच्या नळ्या नेमक्या तिच्या वाटेत, पुढे झुकलेल्या. खऱ्या रुळांची वळणं इतकी प्रशस्त असतात की बोगी थोडीशीच हलते. घरातल्या टेबलावरचं वळण खऱ्याच्या मानाने अंगठीएवढं, बोगी भलतीकडे जाते, चाक नळीला भिडतं आणि इंजिन रुळावरून उतरतं. हाच प्रकार वाळूच्या नळ्यांचा. विकत मिळणाऱ्या मॉडेलांबरोबर या नळ्या वेगळ्या पाकिटात देतात ते यामुळेच: कपाटात ठेवणार असाल तर लावा, चालवणार असाल तर नका लावू.

सोसायटीतली मुलं टेबलापाशी येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात की चालते का. मी अजून दोन्हीकडे हात मारायच्या प्रयत्नात आहे. वाळूच्या नळ्या तावलेल्या तांब्याच्या केल्या, म्हणजे धक्का लागला तर मोडण्याऐवजी वाकतील. निचऱ्याच्या नळ्या थोड्या आखूड केल्या. तरी दहा-अकरा फुटांच्या खोलीत त्यांना चालेल एवढं वळण बसत नाही, पलंग काढावा लागेल. तेव्हा भिंतीलगत दोन मीटरची फळी टाकली आहे. तिच्यावर इंजिन सरळ जाईल आणि सरळच मागे येईल.

रंग अजून द्यायचा आहे. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत दिल्लीच्या हवेत रंगाचा डबा उघडण्यात अर्थ नाही. ओल्या काळ्या रंगावर जे काही बसतं ते पुन्हा निघत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर पंधरा-वीस दिवस बरे मिळतात. तोवर टेंडरखालच्या पाण्याच्या नळ्या आणि डाव्या बाजूच्या इंजेक्टरची सांडणारी नळी व्हायला हवी. ती कुणाला दिसणार नाही, इंजिन उलटं धरल्याशिवाय. पण चार नळ्या म्हटल्यावर चार.